पाला गुडघाभर, खाली उंदराची शेपटी : उष्ण हवेत गाजर पोसत का नाही?

वाफसा (धागाकर्ता)

"गाजर हे थंडीचं पीक, उष्ण कटिबंधात त्याच्या वाटेला जाऊ नये" असं सरसकट सांगितलं जातं. आकडे बघितले तर अर्धं खरं आहे. मूळ उत्तम पोसायला, रंग आणि गोडी भरायला १५ ते २१ अंश तापमान लागतं. सततच्या २५-२८ अंशांच्या वर मूळ आखूड, जाडंभरडं आणि फिकं होतं. बी मात्र २० ते २७ अंशांच्या मातीत मजेत रुजतं, ३५ च्या वर बहुतेक रुसून बसतं.

पण उष्ण भागात गाजर फसतं ते बऱ्याचदा पोसायच्या टप्प्यावर नाही, त्याच्या खूप आधी, असं माझं मत आहे. पेरल्यापासूनचे पहिले पाच-सहा आठवडे नीट काढले तर पुढे हवा थोडी जास्त तापली तरी खाण्याजोगं गाजर मिळतं. जाणकारांनी तीन गोष्टींवर प्रकाश टाकावा: जात किती महत्त्वाची, शेडनेट किती दिवस, आणि ऐन कडक उन्हात पेरण्यात काही अर्थ आहे का?

आळशी_माळी

अर्थ एकच. गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली.

खुरपेबहाद्दर

@आळशी_माळी, पाय फुटलेल्या गाजराची पुंगी वाजतही नाही हो :)

वाफसा यांच्याशी सहमत. उगवणीचं गणित नीट समजून घ्यायला हवं. आपण बोलतो हवेच्या तापमानाबद्दल, बी असतं मातीच्या वरच्या एक सेंटिमीटरमध्ये. भर दुपारी उघड्या मातीचा तो थर हवेपेक्षा १०-१५ अंशांनी सहज जास्त तापतो. हवा ३२ असली तर बी ४५ मध्ये भाजतंय. शिवाय तोच थर सगळ्यात आधी सुकतो. गाजराच्या बियातला गर्भ पेरणीच्या वेळी पूर्ण वाढलेला नसतो, त्याला आधी आत वाढावं लागतं, म्हणून मुळा तीन-चार दिवसांत वर येतो तिथे गाजर चांगल्या हवेतही ७ ते १० दिवस घेतं. या काळात फुगलेलं बी एकदा जरी कडक सुकलं तरी मेलं.

तेव्हा, पेरून ओल दिली की वर गोणपाट दुहेरी घालायचं आणि झारीनं गोणपाटच भिजवायचं, दिवसातून दोनदा. पाचव्या दिवसापासून रोज एक कोपरा उचलून बघायचं. पहिले चार-पाच कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. "अजून सगळे आले नाहीत" म्हणून एक दिवस जास्त ठेवलं की कोंब सुतळीत अडकतात आणि काढताना मुळासकट येतात.

कुंडीतली_शेती

उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली. गोणपाटाऐवजी फळी ठेवली तर चालेल का? आणि बी आधी भिजवायचं की नाही यावर दहा ठिकाणी दहा मतं वाचली आहेत.

बीजांकुर

फळी चालते, फक्त खाली बोटभर विटेचे तुकडे ठेवून थोडी वर उचला, नाहीतर गोगलगायींना आयतं घर मिळतं.

भिजवण्याबद्दल: १२ ते २४ तास साध्या पाण्यात, मध्ये दोनदा पाणी बदलून. सालीतली उगवण रोखणारी द्रव्यं काही प्रमाणात धुतली जातात आणि एक-दोन दिवस वाचतात. काटेरी लव असलेलं बी असेल तर आधी तळहातावर चोळून लव काढा, नाहीतर बिया एकमेकींना चिकटून झुपक्यानं पडतात. भिजवलेलं बी पंख्याखाली इतपतच सुकवायचं की बोटांना चिकटू नये. नंतर चौपट बारीक कोरडी वाळू मिसळून पेरा.

एका ग्रॅममध्ये साधारण ८०० ते ९०० बिया असतात. एक चौरस मीटरला एक ग्रॅम पुष्कळ झाला. बी दोन-तीन वर्षांपर्यंतच भरवशाचं. जुन्या पाकिटातल्या २० बिया ओल्या कागदात सावलीत ठेवा, दहा-बारा दिवसांत दहाच्या खाली कोंब आले तर ते पाकीट विसरा.

हवा फारच तापलेली असेल तर आणखी एक युक्ती. बी ओल्या कागदात, २० अंशांच्या आसपासच्या थंड जागी ठेवून कोंब डोकावेपर्यंत रुजवायचं. साधारण पाच दिवस लागतात. मूळ १-२ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग एक कप पाण्यात एक चमचा मक्याचं पीठ शिजवून, पूर्ण गार करून, त्या पातळ खळीत ते बी अलगद ढवळायचं. पिशवीत भरून कोपरा कापायचा आणि ओल्या चरीत पिळत जायचं. उगवणीचा सगळ्यात नाजूक टप्पा तापलेल्या मातीच्या बाहेरच उरकला जातो.

निंबोळी

खळी गार झाल्यावर. हा शब्द ठळक केला पाहिजे, नाहीतर बीही शिजेल.

दुसरं, कोणी पपडीबद्दल बोललंच नाही. चिकणमाती किंवा काळी माती पाणी दिल्यावर वर कडक होते आणि गाजराचा कोंब अत्यंत लेचापेचा, तो पपडी फोडू शकत नाही. बी मातीनं झाकूच नका. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल चर, त्यात बी, वर चाळलेलं गांडूळखत आणि वाळू निम्मं-निम्मं. ओळीत थोडा मुळा मिसळला तर तो आधी उगवून पपडी फोडतो, ओळ कुठे आहे तेही कळतं, आणि गाजराला जागा लागेपर्यंत काढून होतो.

सोनमोहर

ट्रेमध्ये रोपं करून लावली तर ही सगळी कटकटच नको. कोबी-टोमॅटो करतोच की आपण.

खुरपेबहाद्दर

@सोनमोहर, नाही. इथे ठाम नाही.

कोबीचं आपण पान खातो, गाजराचं मूळच खातो. उगवल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत गाजर फक्त लांबी गाठतं, वर दोन-तीन कोवळी पानं असतात आणि खाली दोऱ्यासारखं सोटमूळ वीतभर खोल गेलेलं असतं. जाडी नंतर भरते. म्हणजे गाजर किती लांब होणार ते पहिल्या महिन्यातच ठरतं. त्या मुळाचं टोक ट्रेच्या तळाला टेकलं, खड्याला अडलं, बुरशीनं कुजलं किंवा सूत्रकृमींनी (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींनी) खाल्लं, की बाजूची मुळं सोटमुळाची जागा घेतात आणि गाजराला दोन-तीन पाय फुटतात. सगळ्या वेड्यावाकड्या गाजरांमागे बहुतेक हेच एक कारण असतं.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला यातूनच पुष्टी मिळते. शेपटीएवढं मूळ दिसतं नव्वदाव्या दिवशी, गुन्हा घडलेला असतो विसाव्या दिवसाच्या आसपास.

आळशी_माळी

म्हणजे गाजराचेही पाय पाळण्यात दिसतात.

वाफसा

@आळशी_माळी _/\_

मातीच्या तयारीबद्दलही लिहा कोणी. माझ्या माहितीप्रमाणे ३० सेंटिमीटर खोल भुसभुशीत करायची, सामू (pH) ६ ते ६.८. भारी मातीत २५ सेंटिमीटर उंच वरंबा. शेणखत किती?

निंबोळी

पूर्ण कुजलेलं, चाळलेलं, चौरस मीटरला ३ किलो, आणि तेही पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी. अर्धकच्चं शेणखत घातलं की दोन संकटं एकदम: मुळांना पाय फुटतात, आणि वर नुसता पाला. नत्र पूर्ण हंगामात चौरस मीटरला ६ ते ८ ग्रॅमच्या वर नको. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे १३ ते १७ ग्रॅम युरिया झाला. त्यातला निम्मा पेरताना, निम्मा विरळणीनंतर. शेणखत भरपूर असेल तर तोही कमी करा. शीर्षकातला "पाला गुडघाभर" हा बहुतेक वेळा नत्राचा आणि दाटीचा प्रताप असतो, उन्हाचा नव्हे.

पालाश (पोटॅश) मात्र कमी पडू देऊ नका. लाकडाची राख आम्लयुक्त मातीतच, सामू ७ च्या वर असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. वालुकामय मातीत जोराच्या पावसानं बोरॉन वाहून जातं, मग गाभा काळपट पडतो, मूळ उभं तडकतं. चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून, एकदाच. चमचाभर जास्त घालून बघू म्हणाल तर ते विष आहे.

कुंडीतली_शेती

तडकणं बोरॉनमुळे की पाण्यामुळे, हे ओळखायचं कसं?

निंबोळी

पाण्यामुळे तडकलेलं गाजर आतून निरोगी रंगाचं असतं आणि कोरड्यानंतर भरपूर पाणी मिळालं की एकदम तडकतं. बोरॉनच्या कमतरतेत नवी पानंही आखडलेली, ठिसूळ दिसतात. दहात नऊ वेळा पाणीच कारण असतं.

पाण्याचा हिशेब सोपा: एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उष्ण, कोरड्या हवेत आठवड्याला २५ ते ३५ मिलिमीटर धरा. उगवणीपर्यंत थोडं आणि वारंवार, त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा पण खोलवर. रोज शिंपडत राहिलात तर मुळाला खाली जायची गरजच वाटत नाही. आणि दुपारभर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी वाफ्यात सोडू नका, त्याचा चहा करता येईल.

बीजांकुर

आता विरळणी. हे काम सगळ्यांच्याच जिवावर येतं, पण टाळलं की शेपट्याच. दोन-तीन खरी पानं (पहिल्या जोडपानांनंतरची) आली की पहिली, दोन रोपांत ३ सेंटिमीटर. पेन्सिलीएवढी जाडी झाली की दुसरी, ५ ते ८ सेंटिमीटर. दोन ओळींत ३० सेंटिमीटर. उपटू नका, कात्रीनं मातीलगत कापा. उपटताना शेजाऱ्याचं मूळ हलतं, आणि ते एकदा हललं की खुरपेबहाद्दर यांचा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचावा लागतो.

सोनमोहर

बरं, ट्रे मागे घेते. :) एक बाळबोध प्रश्न. खुरपताना गाजराचं रोप आणि गाजरगवत यांत गल्लत होते. कसं ओळखायचं?

आळशी_माळी

दोन्ही वाढू द्या. जे पाणी न देता, खत न घालता, रोग न येता जोमानं वाढेल ते गाजरगवत.

खुरपेबहाद्दर

हा हा! पण प्रश्न रास्त आहे. गाजराची पहिली जोडपानं गवताच्या पात्यासारखी लांब, अरुंद असतात, गाजरगवताची छोटी आणि गोलसर. पुढे गाजरगवत जमिनीलगत पसरट चक्र करतं आणि त्याची पानं राखट, लवदार असतात. गाजराची बारीक चिरलेली, उभी. शंका आलीच तर पान चुरडून वास घ्या, गाजराचा वास लपत नाही. गाजरगवत फुलायच्या आत आणि हातमोजे घालून उपटा, काहींच्या त्वचेला त्याची वाईट ॲलर्जी होते.

मृगजळ

शेडनेटबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मते ५० टक्क्यांची जाळी पेरणीपासून काढणीपर्यंत ठेवावी. उष्ण भागात सूर्यप्रकाश काही कमी नाही, निम्मा कापला तरी पुरतो.

निंबोळी

@मृगजळ, असहमत. झाडात अन्न तयार होतं पानात, आणि मुळाच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. प्रकाश कमी झाला की पान आपला वाटा सोडत नाही, उलट देठ लांबवून उंच होतं. कपात होते मुळाची. रात्री गरम असतील तर श्वसनात साखर आणखी जळते. दिवसा कमाई कमी, रात्री खर्च जास्त, मग शिल्लक कुठून पडणार?

जाळी ३५ टक्क्यांची, पेरणीपासून पहिली दोन-तीन खरी पानं येईपर्यंत पूर्ण वेळ. नंतर आठवडाभर फक्त दुपारी, मग काढून टाकायची. तिथून पुढे माती गार ठेवण्याचं काम आच्छादनाचं. ओळींमध्ये तीन-चार बोटं जाडीचं वाळलेलं गवत, पण रोपाच्या गळ्याशी टेकवून नको.

मृगजळ

तर्क पटतोय, पण ३८-४० अंशांत दुपारी जाळी काढली तर पानं माना टाकतात, ते बघवत नाही.

निंबोळी

संध्याकाळी पुन्हा उभी राहत असतील तर बघू नका. सकाळीही मान खाली असेल तर काळजी. पाणी असूनही सकाळी मलूल दिसलं तर एक रोप उपटा. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी. गळ्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर मूळकुज. उष्ण आणि ओल्या मातीत या दोघांचीच दहशत. मूळकुज झालेलं रोप आजूबाजूच्या मातीसकट उचलून बाहेर, कंपोस्टमध्ये नाही.

सूत्रकृमींवर उभ्या पिकात फारसं काही होत नाही, जे करायचं ते आधी. सगळ्यात कडक उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या, ४ ते ६ आठवडे. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. किंवा आधी दोन-तीन महिने ताग किंवा झेंडूचं दाट पीक. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतोय ते इथे कामाला येतं.

बीजांकुर

भर घालतो. गाजरमाशीसाठी वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी लावा, शेजारी कांदा लावा वगैरे सल्ले सगळीकडे फिरतात. ती माशी थंड प्रदेशातली. उष्ण सपाट भागात तिची भीती बाळगण्यापेक्षा करपा बघा. आधी जुन्या पानांच्या कडा काळपट तपकिरी होऊन जळल्यासारख्या दिसल्या तर अल्टरनेरिया, कोवळ्या पानांवर गोल ठिपके आले तर सर्कोस्पोरा. दोघांनाही उबदार ओलावा हवा. म्हणून पाला दाटल्यावर संध्याकाळी वरून पाणी नको, सकाळी आणि बुडाशी. हे रोग बियातूनही येतात. बी ५० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात घालायचं. तापमापी नसेल तर हा उद्योग करू नका, ५५ ला उगवण बसते.

कुंडीतली_शेती

कुंडीवाल्यांसाठी काही? आणि गाजराचं डोकं कापून पाण्यात ठेवलं तर त्याला पालवी फुटते, ते लावलं तर नवीन गाजर येतं का?

खुरपेबहाद्दर

डोक्यापासून पाला येतो, कधी फुलंही येतात, गाजर येत नाही. सोटमूळ बियातूनच मिळतं.

कुंडी किमान ३० सेंटिमीटर खोल. पॅरिसियनसारखी गोल जात असेल तर २० चालते. काळ्या पिशव्यांच्या कडेची माती भयंकर तापते, म्हणून कडेपासून ५ सेंटिमीटर सोडून पेरा, पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला पांढरं कापड लावा. मिश्रण: चाळलेली माती, वाळू, गांडूळखत समान भागांत. नुसतं कोकोपीट नको, ते वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल असतो.

वाफसा

जातींचा प्रश्न राहिलाच की.

बीजांकुर

जात महत्त्वाची, पण कोणत्या अर्थानं ते बघू. गाजरांचे ढोबळ दोन गट. युरोपीय गट द्विवर्षायू, म्हणजे दुसऱ्या वर्षी फुलणारा: नॅन्टेस, शांतने वगैरे. ५ ते १० अंशांची थंडी सहा-आठ आठवडे मिळाल्याशिवाय फुलत नाही. म्हणून उष्ण सपाट भागात त्याचं बी घरी धरता येत नाही, दर वेळी विकत घ्यावं लागतं. आशियाई गटाला फुलायला एवढी थंडी लागत नाही, उष्णताही जास्त सोसतो, पण उशिरा पेरला की मूळ भरायच्या आत फुलाचा दांडा फेकतो. दांडा आला की गाभा लाकूड. तो कापून काही उपयोग नाही.

केशरी हवं असेल तर उष्ण भागात कुरोडा प्रकार भरवशाचा. ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेनं १९८१ मध्ये आणलेली ब्राझिलिया तर उष्ण, पावसाळी हंगामासाठी आणि करप्याला तोंड देण्यासाठीच निवडलेली. आशियाई लाल गटात पुसा रुधिरा, पुसा केसर, आणि उष्णता सोसणारी पुसा वृष्टी. पुसा मेघाली केशरी असूनही उष्ण भागात बी धरते. नॅन्टेस चवीला सरस, पण ती फक्त सगळ्यात थंड दिवसांत.

आणि "कोणतंही गाजर" असं लिहिलेलं पाकीट घेऊ नका.

मृगजळ

लाल गाजराचा लाल रंग आणि केशरीचा केशरी, दोन्ही उन्हात फिके का पडतात?

बीजांकुर

लाल रंग लायकोपीनचा, केशरी बीटा-कॅरोटीनचा. दोन्ही जास्त तापमानात कमी साठतात. उलट उग्र वासाची टर्पिन द्रव्यं उष्णतेत वाढतात आणि साखर कमी पडते. उन्हाळी गाजर औषधासारखं लागतं ते म्हणून.

सोनमोहर

आणि वरचा खांदा हिरवा होतो तो? बटाट्यासारखा विषारी?

निंबोळी

नाही. ऊन लागलं की हरितद्रव्य तयार होतं, थोडं कडू लागतं, कापून टाका. बटाट्यातलं सोलानिन यात नसतं. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास आणि पुन्हा पंधरा दिवसांनी मातीची भर लावा, खांदा झाकलेला राहील. गळ्यावर, जिथून पानं फुटतात तिथे माती चढवू नका.

वाफसा

तिसरा प्रश्न अजून उभाच आहे. ऐन कडक उन्हात?

खुरपेबहाद्दर

रात्रीचं तापमान बघून ठरवा. पेरणीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रात्र २० च्या खाली जाणार असेल तर दिवस ३० ला गेला तरी पेरा. म्हणजे सगळ्यात थंड महिने मधोमध धरून उलटं मोजायचं: काढणी ९० ते ११० दिवसांनी, तर पेरणी थंडी पडायच्या थोडी आधी. उगवणीला गोणपाट-जाळीनं सांभाळता येतं, पोसणीला नाही. उष्णता टाळायची असेल तर ती सुरुवातीची नव्हे, शेवटची टाळा.

उंचीवर राहणाऱ्यांचं गणित वेगळं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, त्यामुळे तिथे जवळपास वर्षभर जमतं.

रात्रीही २५-२६ असतील तर पूर्ण गाजराचा हट्ट सोडा. ब्राझिलिया किंवा कुरोडा दाट पेरा, ३-४ सेंटिमीटरवर, आणि ६० ते ७० दिवसांत बोटाएवढी असतानाच काढा. जितकी जास्त ठेवाल तितका गाभा जाड होत जाईल, गोडी वाढणार नाही.

वाफसा

पटलं. म्हणजे "पहिले पाच-सहा आठवडे" हे माझं विधान लांबी आणि आकारापुरतं खरं, गोडी आणि रंग शेवटच्या महिन्याच्या रात्रींवर. दुरुस्ती मान्य.

आळशी_माळी

एवढं सगळं वाचून पेरायला निघालो. निंबोळीताई, तो मुळा गाजरात किती मिसळायचा म्हणालात?

निंबोळी

ओळीत दर वीतभर अंतरावर एक बी. जास्त नाही. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आत काढा, हलक्या हातानं, वाफा आधी भिजवून. आळस केलात तर शेवटी मुळाच मिळेल.